नंदाक्काचा भुरा

मी अंबाजोगाईला लेकीकडं निघाले त्या दुपारी लाईट गेलेली होती. पिशवी खांद्याला लावून मधल्या खोलीत डोकावले, तर नंदाक्का कॉटवर उशीला टेकून भिंतीवरच्या बंद टीव्हीकडं बघत बसलेली. नुसती बघत नव्हती, मान हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरत होती, चेंडूमागं फिरावी तशी. मी विचारलं, "कुणाची मॅच हाय आक्का?" म्हणाली, "भुऱ्याचीच की." मी हसले. म्हटलं, "तो तर कवाच रिटायर झालाय." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमच्याकडं झाला असंल," म्हणाली. दारातून मी पुन्हा विचारलं, "किती झालेत?" "ते न्हाई बगितलं... पर हाय अजून." मी चपला घातल्या. तेच आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या घरी चहाचा कप हातात असताना आमच्या ह्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "आक्का गेली गं..." आणि फोन ठेवला.

आता काही आठवडे झाले. सुतक फिटलं, भेटायला येणारी माणसं येऊन गेली. लेक म्हणाली, आई तू एवढी बोलतेस तिच्याबद्दल, तर लिही की पेपरला. मी शाळेत गेलेली बाई नाही, जसं बोलते तसं लिहिते. पण लिहायचंच झालं तर आधी हे सांगायला हवं, की जी काही अक्षरं मला येतात ती या बाईनं मला दाखवली. आणि ती दाखवली पेपरच्या शेवटच्या पानावर, जिथं खेळाच्या बातम्या असतात तिथं. माझ्या ओळखीचा पहिला मोठा शब्द कुठला असेल? 'नाबाद'. देवाचं नाव नंतर आलं.

नंदाक्का, म्हणजे महानंदा, माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. मी लग्न होऊन घाटनांदूरला आले तेव्हा ती घरात होती. तिची एक लोखंडी पेटी होती, निळ्या रंगाची, झाकणावर पिवळी फुलं काढलेली. ती पेटी अगदी बाहेरच्या दाराजवळ ठेवलेली. मी नवी नवरी, मला वाटलं नणंदबाई कुठं निघाल्यात. तर सासूबाईंनी रात्रीची भाकरी थापताना हळू आवाजात सांगितलं... ती नागपंचमीला माहेरी आली होती. भाऊच आणायला गेला होता, रीतीनं. रीत अशी की, आणायला माहेरचा माणूस जातो आणि न्यायला सासरचा माणूस येतो. बाईनं आपलं आपण जायचं नसतं. पंचमी झाली, पोळा झाला, दसरा-दिवाळी झाली. तिच्या सासरहून, चौसाळ्याहून कुणी आलं नाही. भांडण नव्हतं, मारझोड नव्हती, निरोप नाही, काही नाही. नुसतं कुणी आलं नाही. माझे सासरे मानी माणूस. ते म्हणायचे, "लेक काय आमाला जड झाली का, की आपण होऊन दारात नेऊन सोडायची? त्यांनी यावं. मानानं न्यावं." आणि असं म्हणत म्हणतच ते एक दिवस गेले.

पेटी मात्र भरलेलीच. आक्का नेसायचं लुगडं तेवढं पेटीतून काढायची, धुवून वाळलं की परत घडी करून पेटीत ठेवायची. कपाट होतं घरात, खुंट्या होत्या, पण तिचं काही म्हणजे काही कधी बाहेर राहिलं नाही. कंगवासुद्धा. उद्या निघायचं असल्यासारखं. दर दिवाळीला घर सारवलं, रंग दिला की पेटी हलायची आणि परत ठेवताना जरा आत यायची. दारापाशी होती ती खांबापाशी आली, खांबापासून मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी, मग आतल्या भिंतीला. कुणी ठरवून केलं नाही. पाण्यात ओंडका सरकत जातो ना, तशी ती पेटी घराच्या आत सरकत गेली...

मग ती सालं आली, सगळीकडं नवं नवं येण्याची. आमचं स्टेशन रोडला किराणा दुकान. शाम्पू पुड्यांत यायला लागला, माळाच माळा टांगलेल्या. थंड्या बाटल्यांचं खोकं दुकानापुढं आलं. एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला चौकात, लोक नुसतं बघायला उभे राहायचे. आणि ह्यांनी लातूरहून रंगीत टीव्ही आणला. इसाक मिस्त्री, आमच्याकडचे रेडिओ-पंखे दुरुस्त करणारे, त्यांनी तो जीपमधून उतरवला आणि छातीशी धरून मधल्या खोलीत येऊन उभे राहिले. टेबल काही कुणी आणलं नव्हतं! मिस्त्री घामाघूम. "किधर रखू भाभी? जल्दी बोलो, हाथां टूट रे मेरे." आम्ही इकडं बघतोय, तिकडं बघतोय. तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "पेटीवर ठिवा."

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं. पेटीवर टीव्ही ठेवला की पेटी कशी उघडायची? पण मिस्त्रींचे हात दुखत होते. त्यांनी ठेवला. त्याआधी आक्कानं आठवडाभराची दोन लुगडी, कंगवा आणि कुंकवाची डबी तेवढी एका पिशवीत काढून घेतली. पुढं कधी पेटी उघडायची झाली की मी आणि ती, दोघी मिळून टीव्ही उतरवायचो, म्हणून ती उघडायचीच कमी केली तिनं.

भुरा पहिल्यांदा दिसला तो त्याच थंडीत. ऑस्ट्रेलियातली मॅच पहाटे सुरू व्हायची. आमचे हे, शेजारचे दोघे-तिघे, चादरी गुंडाळून टीव्हीपुढं बसलेले. आक्काची पूजा नुकती झालेली. आम्ही महादेवाची माणसं, सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या लिंगाची पूजा आणि कपाळाला भस्म, त्याला आम्ही इबित म्हणतो. हातात सड्याची बादली घेऊन ती मधल्या खोलीतून चालली होती आणि टीव्हीवर एक चेहरा आला. पोरगेलासा, भुऱ्या केसांचा, आणि नाकावर, ओठांवर पांढरेफटक पट्टे. आक्का थांबली. बादली खाली ठेवली. "अगं शोभे, हिकडं ये! लवकर ये. ह्यानं इबित लावलंय बग!"

माणसं खो खो हसली. आमचे हे म्हणाले, "आक्का, इबित कुठलं, ते मलम हाय. ऊन लागू नये म्हणून लावत्यात."

"कशाचं का असंना," आक्का म्हणाली, "आपलं तरी कशाचं हाय? शेणाचंच न्हवं का?"

आणि तिथंच बसली खाली, बादलीशेजारी. त्या दिवशी आमच्या अंगणात सडा पडला तो उन्हं वर आल्यावर. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आमच्या जिभेला वळेना. आक्कानं त्याला भुरा म्हटलं आणि घाटनांदुरात आमच्या आळीला तो भुराच झाला. तो काही फार मोठा नाववाला नव्हता बरं का. त्या ऑस्ट्रेलियाकडं मोठमोठे होते, आल्याबरोबर टोले देणारे. भुरा यायचा, खाली बघायचा, बॅटनं जमीन टोकरायची, आणि मग जणू जगात दुसरं काही कामच नाही असा खेळत राहायचा. आक्काला तेच आवडलं असावं. "घाई न्हाई बग त्याला कसली," म्हणायची.

त्या मॅचचं तिला सगळंच आवडायचं. ते हिरवं मैदान, त्याच्यावर येऊन बसणारे पांढरे पक्षी. ती त्यांना बगळे म्हणायची. कधी दिव्यातली मॅच असायची, म्हणजे तिथं रात्र झालेली, मोठे दिवे लागलेले, आणि आमच्याकडं टळटळीत दुपार, पत्रे तापलेले. ती पदरानं घाम पुसत म्हणायची, "तितं आता गार वारं सुटलं असंल न्हाई?" आणि खरंच, तिच्याकडं बघून मलाही जरा गार वाटायचं. स्वप्नातल्यासारखे गेले ते दिवस. तिच्या बोटाखाली मी पेपरातली अक्षरं लावायची. दुकानातला पेपर पुड्या बांधायला जायच्या आधी शेवटचं पान ती फाडून घ्यायची. नावांच्या रांगेत भुऱ्याचं नाव मी आकारावरूनच ओळखायला लागले, मग त्यातलं एकेक अक्षर सुटं झालं... त्याच अक्षरांनी आज मी हे लिहितेय.

आणि लाईट. आमच्याकडं लाईट म्हणजे पाहुणीच. मॅच ऐन रंगात आली की निघून जायची. माणसं चरफडत उठून जायची. आक्का मात्र उठायची नाही. काळ्या काचेपुढं तशीच बसून राहायची, मांडीवर निवडायचं सूप, आणि बारीक आवाजात चालायचं तिचं, "आता सोडून दिला... ह्यो कडंला ढकलला, एक... आता थांब रं बाबा, ह्यो वळायचाय..." मी म्हणायची, आक्का, येडी का काय तू? "लाईट आपली गेलीय," ती म्हणायची, "त्याची न्हाई. तो खेळतच असतोय." आणि लाईट परत आली की बहुतेक वेळा खरंच तो असायचा तिथं, खाली बघत, जमीन टोकरत. मग आम्हा दोघींना असं वाटायचं की आक्का बसून राहिली म्हणून तो राहिला.

पण एक खोड होती भुऱ्याला. फिरकी आली की त्याचा पाय हलायचा नाही. खुंट्याला बांधल्यासारखा मागंच राहायचा आणि चेंडू बॅटच्या कडेला लागून कुणाच्या तरी हातात. आक्का कळवळायची, "पाय काढ की रं म्होरं!" दोन-तीन दौऱ्यांत तसंच झालं. आणि एक दिवस पेपरात आलं, की त्याला संघातून काढलं. फिरकी खेळता येत नाही म्हणून. मी अडखळत ती बातमी वाचली. वाटलं ती रडेल. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, आपली आपण परत वाचली, आणि म्हणाली, "बग शोभे, कावून काढलं, कशापायी काढलं, ते दिलंय हितं. सांगितलंय त्याला. आता तो लागंल कामाला." आणि तो कागद तिनं खुशाल पुडी बांधायला देऊन टाकला. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

पुढं बरीच वर्षं भुरा दिसला नाही. इसाक मिस्त्रींनी गावात केबल आणली, छतावर ती मोठी परात लावली, मग तर बारा महिने मॅच. आक्का त्यांना रस्त्यात गाठायची. "मिस्त्री, भुऱ्याचं काय कळलं का?" "कुछ नई आक्का. गावातल्या मॅचा खेल रा बोलते उधर." एकदा असाच दुसऱ्याच कुणाचा खेळ चालू होता, आणि मध्येच मैदानात एक जण पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत आला. आक्का ओरडली, "अगं त्योच हाय!" खरंच तो होता. पाणी दिलं, हातमोजे दिले, आणि आला तसा पळत गेला. आक्का हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "पाणी द्यायला ठिवलाय व्हय त्याला बी!" घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याचा तांब्या आक्काच नेऊन द्यायची. त्या हसण्यात मला सामील होता आलं नाही.

सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी मिस्त्री सायकल टाकून घरात आले. "आक्का, खबर है! तुमारा भुरा आरा इंडियाकू. टीममें वापस लिए उसकू." तिनं त्यांना बसवून चहा-चिवडा दिला, वर डब्यातला लाडू दिला. आणि मॅच सुरू झाली त्या सकाळी मीठ-मिरच्या मुठीत घेऊन टीव्हीवरून उतरवल्या. आमचे हे म्हणाले, "आक्का, तो आपल्या इरुद्ध खेळायलाय. आपल्या पोरांची काढ की दृष्ट." "त्यांची काढायला आख्खा देश हाय," ती म्हणाली.

ती पाच दिवसांची मॅच होती. चार दिवस आपलीच माणसं वरचढ होती, शेवटच्या दिवशी त्यांना बाद करायचं तेवढं राहिलं होतं. भुरा आदल्या संध्याकाळपासून खेळत होता. सकाळी टीव्ही लावला, मिस्त्रीही येऊन बसले होते, आणि दारात जीप थांबली. जीपमधून दोन माणसं उतरली. एक म्हातारे, पटका बांधलेले. दुसऱ्यांना मी कधी बघितलं नव्हतं, पण आमचे हे ताडकन उठले. "दाजी!" म्हणाले, आणि आवाज फाटला त्यांचा.

चौसाळ्याचे दाजी. आक्काचे मालक. सोबत त्यांचे चुलते, तात्या. इतक्या वर्षांनी! पाणी झालं, चहा झाला. तांब्या मी नेला, आक्का स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. तात्या बोलले. दाजींची आई गेली, घरात बाईमाणूस नाही, देवाजवळ दिवा लावायला कुणी नाही. "झालं गेलं सोडून द्या. पोरीला न्यायला आलोय. मानानं."

मानानं हा शब्द ऐकला आणि आमच्या ह्यांचे डोळे भरले. बापाचा शब्द होता तो. त्यांना वाटलं, बापाचं राहिलेलं आपल्या हातून पुरं होतंय. मला मात्र ती गेली तर हे घर कसं दिसेल, तेच डोळ्यापुढं येईना. पण मी भावजय. मी काय म्हणणार? नणंद नांदायला चालली, तर भावजयीनं ओटी भरायची.

"आक्का, आटप," हे म्हणाले, "पेटी काढू." आणि टीव्हीच्या एका बाजूला ते गेले, दुसऱ्या बाजूला तात्या. पेटी न्यायची तर टीव्ही उतरवायला हवा ना.

"हात लावू नगा," आक्का दाराआडून म्हणाली.

दोघंही थांबले. ती बाहेर आली. पदर नीट केला. "त्याचं होऊ द्या आधी."

"कुणाचं?" तात्या म्हणाले.

"भुऱ्याचं."

तात्यांनी खिडकीतून गोठ्याकडं बघितलं. "बैलाला काय झालं?"

मिस्त्रींनी हसू दाबत टीव्हीकडं बोट केलं. तात्यांनी चष्मा वर करून निरखलं. "ह्यो? ह्यो तर पल्याडचा हाय की! आपल्या पोरांनी ह्याला बाद करायचा का न्हाई?"

"करतेत की," हे म्हणाले, "आता व्हईल तात्या, किती येळ टिकंल. बसा तुमी." आणि तात्या बसले.

काय सांगू तुम्हाला... तसा दिवस मी पुन्हा बघितला नाही. चार-चार जण भुऱ्याच्या अंगाला लागून उभे, हात पसरून. चेंडू यायचा, वळायचा, धूळ उडायची. आणि भुरा पाय पुढं टाकायचा. हो, टाकायचा! लांब, सावकाश, डोकं खाली घालून, आणि चेंडू बॅटखाली मेल्यासारखा पडायचा. आक्कानं माझं मनगट धरलं. "शोभे, पाय बग त्याचा. हलायलाय." एकही धाव काढायची घाई नाही त्याला. नुसतं राहायचं. आमच्या घरात त्या दिवशी आपल्या देशाच्या बाजूनं जितकी प्रार्थना झाली तितकी कुठं झाली नसेल, कारण भुरा बाद झाल्याशिवाय पेटी हलणार नव्हती. प्रत्येक चेंडूला तात्या गुडघ्यावर थाप मारायचे, "गेला!" आणि मिस्त्री म्हणायचे, "नई गया तात्या, बैठो." मी आत पुरणाचा घाट घातला होता, आणि पुरण घाटताना मनात म्हणत होते, टिक रे बाबा, टिक...

पंगत उठली. ऊन कलायला लागलं. आणि लाईट गेली.

तात्या उठले. "चला, सुटलो. आता काढा ती पेटी."

"बसा तात्या," आक्का म्हणाली, "खेळायलाय तो." आणि ती काळ्या काचेपुढं जाऊन बसली. काचेत आम्ही सगळे दिसत होतो, अंधुक, पाण्यात दिसावं तसे. दाजी सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. पंखा थांबलेला, सगळं इतकं शांत झालं की दुकानातल्या तराजूची साखळी वाजलेली ऐकू आली. आक्कानं मागं वळून बघितलं नाही. काचेत दिसणाऱ्या दाजींनाच विचारल्यासारखं विचारलं.

"मला न्यायला कावून आला न्हाईत?"

दाजींनी मान खाली घातली. तात्या काहीतरी बोलणार होते, दाजींनी हात वर केला. भला माणूस हो, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "आईला वाटलं... तुमच्या घरचे आणून सोडतील. मी म्हणलं, बगू दिवाळीपस्तोर. मग दुसरी दिवाळी आली. मग लाज वाटाया लागली, आता कोणत्या तोंडानं जावं... असं करत करत राहूनच गेलं."

"माजी काय चूक झालती का?"

"न्हाई."

"काय बी?"

"काय बी न्हाई."

आमचे हे भिंतीला टेकून बसले. इतकी वर्षं दोन घरं एकमेकांची वाट बघत होती आणि मधोमध ही बाई, पेटी भरून.

तिनं पदराच्या टोकानं टीव्हीची काच पुसली. मग म्हणाली, "ह्या भुऱ्याला काढला, तर कावून काढला ते त्याला सांगितलं होतं. म्हणून तो पाय काढायला शिकला. मी रोज रातच्याला माजी चूक हुडकायची. भाकरी करपली होती का, सासूला उलटून बोलले का... सापडायची न्हाई. आता तुमी म्हणता, न्हवतीच." तिचा आवाज चढला नव्हता, उलट इतका मऊ होता की मला झोप उतरावी तसं वाटलं. "तुमच्यावर राग न्हाई माजा. पर जितं मी नसल्याचं कुणाच्या ध्यानात बी राहिलं न्हाई, तितं मी कशाला येऊ? हितं भाकरी खायला बसताना माजं ताट मोजत्यात."

आणि लाईट आली. पंखा गरगरला, टीव्हीतून आधी आवाज आला, मग चित्र. भुरा तिथंच होता. नाकावर पांढरा पट्टा, घामानं निम्मा पुसलेला. खाली बघत, जमीन टोकरत. मिस्त्री कुजबुजले, "हाय अल्ला, अब्बीभी है ये."

दाजी उठले. चपला शोधायला लागले. आक्का त्यांच्यामागं दारापर्यंत गेली, पुरणपोळ्यांचं फडकं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "येळेवर जेवत जावा." जीप गेली. मॅच कुणीच जिंकली नाही. आपली पोरं मैदानातच त्याच्या हातात हात देताना दिसली. तात्यांनी जाता जाता मला विचारलं होतं, "सूनबाई, झाला का बाद?" मी नाही म्हणून मान हलवली. "लई चिवट हाय," म्हणाले ते, आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात कौतुकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं मला हाक मारली. दोघींनी टीव्ही खाली उतरवला. तिनं पेटी उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. एकेक लुगडं तिनं बाहेर काढलं, कपाटात माझ्या लुगड्यांशेजारी लावलं. पिशवीतला कंगवा खिडकीत ठेवला. कुंकवाची डबी आरशापुढं. मग रिकामी पेटी बंद केली आणि म्हणाली, "चल, धर." आम्ही टीव्ही परत तिच्यावर ठेवला. त्यानंतर ती आपण होऊन दुकानात बसायला लागली. गिऱ्हाईकाला तिचा आवाज बाहेर चौकात ऐकू यायचा. दाजी वारले तेव्हा ती चौसाळ्याला गेली, एकटी, एसटीनं, कुणाला सोबत न घेता. आणि संध्याकाळी आपली आपण परत आली.

भुरा पुढं काही वर्षं खेळला. कधी चांगला, कधी नाही. त्याची शेवटची मॅच आम्ही दोघींनी बघितली. बाद झाला, टोपी काढली, केस विरळ झालेले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आक्काही उठून उभी राहिली, पाहुणा निघाला की उठतो तशी. "जवळ असता तर हातावर दही दिलं असतं," म्हणाली. तेवढंच. रडली वगैरे नाही.

तिला मातीला न्यायच्या आधी आमच्या रीतीनं बसवलं होतं. अंगाला, कपाळाला इबित लावलं होतं. मी अंबाजोगाईहून आले ती थेट समोर जाऊन उभी राहिले. आणि काय वाटलं सांगू? खेळाडू पॅड बांधून बसलेले असतात ना, आपली पाळी यायची वाट बघत, शांत, चेहऱ्यावर पांढरं लावून... तशी दिसली. न्यायला आलेल्याला या खेपेला तिनं थांब म्हटलं नाही.

टीव्ही आता भिंतीवर असतो, पाटीसारखा पातळ. पेटी त्याच्या खालीच आहे. झाकणाचा रंग सगळीकडून उडालाय, फक्त मधोमध, जुना टीव्ही असायचा तेवढा चौकोन अजून निळाभोर आहे, आणि त्यातली पिवळी फुलं काल काढल्यासारखी. परवा माझी सून खोली आवरत होती. म्हणाली, "आत्याबाईंची पेटी रिकामीच हाय की आई. माळ्यावर टाकू का?" दुपारची वेळ. लाईट गेलेली. मी कॉटवर बसून होते, आक्काच्या जागेवर, काळ्या काचेपुढं.

"राहू दे," मी म्हटलं, "मॅच चालू हाय."

तिनं एकदा बंद टीव्हीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग झाडू ठेवून आली, आणि माझ्या शेजारी टेकली.

"किती झालेत?" तिनं विचारलं.